निवडून येईल का, हे शेवटी विचारा

अमेरिकेतल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत द्यायचं असेल तर 'हा निवडून येईल का' हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा, पहिले नाही. हे माझं मत २०२० पासूनचं आहे आणि आता २०२८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची नावं चर्चेत यायला लागलीत, ताई फोनवर एकेक नाव घेऊन राहिली, बाबा इकडे प्रतापनगरच्या घरी बसून यूट्यूबवर तिकडच्या मुलाखती बघून राहिले, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

माझी मोठी बहीण टेक्सासमध्ये ऑस्टिनला असते. लग्न झाल्यावर २००५ ला गेली, इथे नागपुरात इंजिनिअरिंग केलेलं, पण तिकडे कितीतरी वर्षं एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्यावर, घरी बसून होती कारण त्या व्हिसावर तेव्हा नोकरीच करता यायची नाही. पुढे ग्रीन कार्ड झालं, मग नागरिकत्व, आणि २०२० ला पहिल्यांदा तिला राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत मत देता आलं. त्यामुळे त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या घरी रोज सकाळी, म्हणजे तिच्याकडे आदल्या दिवशीची रात्र, हाच विषय असायचा.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे उमेदवार कोण असावा हे आपल्याला कोणी विचारत नाही. मनपाची निवडणूक असली की अर्ज भरायच्या शेवटल्या दिवसापर्यंत एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो याची सगळे वाट बघत असतात, आणि वर्षानुवर्षं गडरलाईनसाठी, नळासाठी वस्तीत फिरलेला माणूस घरी बसतो आणि कालपरवा पक्षात आलेल्याला तिकीट मिळते, का, तर म्हणे इलेक्टिव्ह मेरिट. ते मेरिट कोणी तपासलं, कसं तपासलं, आपल्याला माहीत नसते. अमेरिकेत हा निर्णय पक्षाचे साधे मतदार करतात. तिथेही हे फार जुनं नाही बरं का, १९६८ ला डेमोक्रॅटिक पक्षाने ह्युबर्ट हम्फ्रीला उमेदवारी दिली, त्याने एकही प्रायमरी लढवली नव्हती, शिकागोच्या अधिवेशनात बाहेर रस्त्यावर पोलीस पोरांना झोडपत होते आणि आत नेते उमेदवार ठरवत होते, त्यातून इतका असंतोष झाला की पक्षाला नियम बदलावे लागले आणि १९७२ पासून प्रायमरीला खरं वजन आलं.

म्हणजे लोकांनी भांडून मिळवलेला हक्क आहे हा. आणि माझी तक्रार हीच आहे की हा हक्क हातात आल्यावर मतदार स्वतःच पक्षनिरीक्षकासारखा विचार करायला लागतो. मला कोण पटतो हे बाजूला, शेजारच्याला कोण पटेल, पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्यातल्या माणसाला कोण चालेल, याचे अंदाज बांधत बसतो. ताईचंही तेच होऊन राहिलं होतं.

२०२० ला डेमोक्रॅटिक पक्षात वीसपेक्षा जास्त उमेदवार होते. पहिली डिबेट जून २०१९ मध्ये मायामीला झाली ती दोन रात्री घ्यावी लागली, दहा-दहा जण. बाबांचा जीव कमला हॅरिसवर, तिची आई चेन्नईची म्हणून, पण ती डिसेंबर २०१९ मध्येच बाहेर पडली, एकही मत पडायच्या आधी, प्रचाराला पैसे उरले नाहीत म्हणून. मी बाबांना तेव्हाही म्हटलं होतं आणि २०२४ ला रिपब्लिकन पक्षाकडून निक्की हेली आणि विवेक रामस्वामी उभे होते तेव्हाही म्हटलं, की बाबा, आपल्या रक्ताचा आहे हा काही मुद्दा होत नाही, व्हिसाबद्दल काय म्हणतो ते बघा, दवाखान्याबद्दल काय म्हणतो ते बघा.

तर मुद्द्यांवर येतो. ताईसाठी पहिला मुद्दा आरोग्य विम्याचा. तिकडे कामाच्या वयातल्या बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की विमा गेला, किंवा चालू ठेवायचा तर पूर्ण हप्ता स्वतःच्या खिशातून भरायचा. आणि विमा असूनही डिडक्टिबल नावाचा प्रकार, म्हणजे सुरुवातीचा काही हजार डॉलरपर्यंतचा खर्च आपणच करायचा. ताईच्या मुलाचा हात मोडला होता तेव्हाची बिलं तिने मला व्हिडिओ कॉलवर एकेक करून दाखवली, दवाखान्याचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्सरे वाचणाऱ्याचं वेगळं, तीन लिफाफे तीन वेगळ्या आठवड्यांत आलेले, आणि प्रत्येकावर 'हे बिल नाही' असं लिहिलेला विमा कंपनीचा आणखी एक कागद. आपल्याकडे मेडिकलला किंवा मेयोला, नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत, रांगेत तासन् तास जातात, बेड मिळत नाही, ते दुखणं वेगळं आहे, पण बरं झाल्यावर दोन महिन्यांनी घरी कागद येऊन पडतील ही धास्ती वेगळीच.

आता यावर उमेदवार काय म्हणत होते? बर्नी सँडर्सचं म्हणणं, ६५ वर्षांवरच्यांना १९६५ च्या कायद्याने मिळालेलं मेडिकेअर, म्हणजे सरकारी विमा, चार वर्षांत सगळ्यांना लागू करा, त्यात येणाऱ्या सगळ्या उपचारांसाठी खासगी विमा बंद. एलिझाबेथ वॉरेनचंही तेच, पण तिने नोव्हेंबर २०१९ मध्ये हिशोब मांडला, दहा वर्षांत २०.५ ट्रिलियन डॉलरचा नवा सरकारी खर्च आणि तो कुठून आणायचा तेही लिहिलं, आणि पहिले सरकारी विम्याचा पर्याय, मग तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांसाठी, असा टप्पा घातला. जो बायडनचं म्हणणं, ओबामाचा विम्याचा कायदा आहे तोच ठेवा, त्यात एक सरकारी विम्याचा पर्याय जोडा, खर्च दहा वर्षांत ७५० अब्ज डॉलर. बुटिजेजचं साधारण त्याच अंगाने, ज्याला पाहिजे त्याला मेडिकेअर.

इथे एक गोष्ट मला फार शिकवून गेली. लास वेगासमध्ये हॉटेल-कॅसिनोतल्या कामगारांची मोठी युनियन आहे, कलिनरी युनियन. त्यांनी अनेक वर्षं संप करून, वाटाघाटी करून चांगला विमा मिळवलेला, तर त्यांच्या नेतृत्वाने सदस्यांना सावध केलं की सँडर्सच्या योजनेत आपला विमा जाईल. आणि २२ फेब्रुवारीला नेवाडाच्या कॉकसमध्ये, म्हणजे प्रायमरीऐवजी लोक जमून उमेदवार निवडतात त्या सभांमध्ये, त्याच हॉटेलांमधल्या केंद्रांवर कितीतरी कामगारांनी सँडर्सलाच पाठिंबा दिला. टीव्हीवर सगळे कोण जिंकेल, कोणाची हवा आहे, यात गुंतलेले, आणि हे लोक मात्र स्वतःच्या घरचा प्रश्न घेऊन आले होते, माझा विमा चांगला आहे पण माझ्या भावाकडे, मुलाकडे नाही. मला वाटते प्रायमरीत मत असं द्यायचं असते.

दुसरा मुद्दा व्हिसाचा आणि त्यातून मी ताईला एक चाळणी सुचवली, ती मला अजूनही सगळ्यात कामाची वाटते. उमेदवार जे सांगतोय ते राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याच्या हातात आहे का? ग्रीन कार्डचं बघा. एका वर्षाच्या कोट्यात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाही, म्हणून आपल्या पोरांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही, नागपुरातल्या कितीतरी घरांत हे दुखणं आहे. पण ही मर्यादा कायद्यात आहे. जुलै २०१९ मध्ये ती काढायचं बिल प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं, तरी पुढे कायदा झालाच नाही. म्हणजे एखादा उमेदवार म्हणाला की मी रांग संपवतो तर त्याला काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, लागेल. उलट एच-फोरवाल्यांना काम करायची परवानगी ओबामा सरकारने २०१५ ला नियम करून दिली, कायदा न बदलता, आणि ट्रम्प सरकार तोच नियम काढू म्हणत राहिलं, प्रत्यक्षात काढला नाही, पण कितीतरी बायकांनी ती चार वर्षं धाकात काढली. हे राष्ट्राध्यक्षाच्या हातातलं. ताईने घरी बसून काढलेली वर्षं मी बघितली आहेत, म्हणून मला हा फरक नुसता पुस्तकी वाटत नाही.

हीच चाळणी विम्याला लावली तर काय दिसते? सँडर्सची योजना सिनेटमधून, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातून, जायला साधारण १०० पैकी ६० मतं लागणार, फिलिबस्टरमुळे, म्हणजे चर्चा लांबवून बिल अडवून धरायच्या नियमामुळे. वॉरेन म्हणत होती की ती अटच काढून टाकू. सँडर्स ती अट काढायला तयार नव्हता, बजेटच्या वाटेने, जिथे साधं बहुमत पुरते, आडमार्गाने नेऊ म्हणत होता. टीव्हीवर यावर पाच मिनिटंही कोणी बोलत नव्हतं, आणि माझ्या मते दोघांमधला सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच होता! एकीला काम कुठे अडणार हे माहीत होतं आणि ती ते आधीच सांगत होती. मला वॉरेन पटत होती ती यासाठी.

पण वॉरेनचं नाव काढलं की उलट प्रश्न येतो, बाई निवडून येईल का? जानेवारी २०२० मध्ये दे मॉइनच्या डिबेटमध्ये हा विषय निघाला तेव्हा वॉरेन म्हणाली की या मंचावरच्या पुरुषांनी मिळून दहा निवडणुका हरल्यात, आणि लढवलेली प्रत्येक निवडणूक जिंकलेल्या इथे फक्त दोघीच आहेत, एमी क्लोबुचार आणि मी. तरी ताईच्या ओळखीतल्या बायकाच म्हणत होत्या की आवडते ती, पण बाकीचे लोक मत देणार नाहीत. बाकीचे लोक म्हणजे कोण? सगळ्याच जणी बाकीच्यांकडे बोट दाखवून राहिल्या तर ते बाकीचे शोधायचे कुठे?

अंदाजांचं म्हणाल तर २००४ ला जॉन केरी युद्धात लढलेला आहे, बुशला हाच हरवू शकतो, असं म्हणत पुढे आला आणि हरला. २००७ च्या शेवटी देशभरच्या पोलमध्ये हिलरी क्लिंटन पुढे होती, जानेवारी २००८ मध्ये मतदानाचं पहिलंच राज्य, आयोवा, ओबामाने जिंकलं. २०१६ ला ट्रम्प जिंकूच शकत नाही असं त्याच्याच पक्षातले किती जण म्हणत होते. मग ज्या गोष्टीत पैसे घेऊन काम करणारे जाणकार चुकतात त्याच्या भरवशावर आपण आपलं मत का टाकायचं?

याला एक उत्तर आहे आणि ते मी टाळत नाही. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बायडनला जवळपास निम्मी मतं पडली. तीन दिवस आधी जिम क्लायबर्न या तिथल्या ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदाराने पाठिंबा जाहीर केला होता. तिथल्या वयस्क काळ्या मतदारांचं म्हणणं सरळ होतं, ट्रम्पला हरवणं हाच आमचा मुद्दा आहे, कारण हरलो तर सगळ्यात आधी आम्ही भोगतो. याला मी पक्षनिरीक्षकाचा हिशोब म्हणणार नाही. मतदानाच्या हक्कासाठी ज्यांनी स्वतः मार खाल्ला त्या पिढीने स्वतःच्या अनुभवावर केलेला तो हिशोब होता, आणि नोव्हेंबरात बायडन जिंकलाही. माझा आक्षेप टीव्हीवरचा पोल बघून उसनी भीती घेणाऱ्यांवर आहे. ज्याची भीती स्वतःची आहे त्याला मी काय सांगणार.

त्यानंतर सगळं भराभर झालं. १ मार्चला बुटिजेज बाहेर, २ मार्चला क्लोबुचार बाहेर, दोघांचाही बायडनला पाठिंबा, आणि ३ मार्चला सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी १४ राज्यांत मतदान, त्यात टेक्सास. आता टेक्सासमध्ये लवकर मतदान १८ ते २८ फेब्रुवारी होतं. म्हणजे ज्यांनी आधीच जाऊन बुटिजेजला मत दिलं ते साउथ कॅरोलायनाचा निकाल लागायच्याही आधी देऊन बसले, आणि मतमोजणीच्या दिवशी त्यांचा उमेदवार रिंगणातच नव्हता. ताईच्या ऑफिसमधल्या एकीचं हेच झालं, फार हळहळली बिचारी. ताई ३ तारखेलाच गेली. टेक्सासमध्ये आधी पक्षाची नोंदणी लागत नाही, केंद्रावर कोणत्या पक्षाची मतपत्रिका पाहिजे ते सांगायचं. आत मोबाईल चालत नाही, म्हणून तिने आदल्या रात्री नमुना मतपत्रिका छापून जेवणाच्या टेबलावर पेनने एकेक खूण केली, राष्ट्राध्यक्षापासून न्यायाधीशांपर्यंत, भलीमोठी यादी, आणि तोच कागद घडी घालून नेला. ह्यूस्टनला तर त्या दिवशी एका विद्यापीठातल्या केंद्रावर लोक सहा-सहा तास रांगेत होते, शेवटचा माणूस रात्री एक वाजून गेल्यावर मत देऊन बाहेर आला.

मायकेल ब्लूमबर्गने ५० कोटी डॉलरपेक्षा जास्त जाहिरातींवर उडवले, टेक्सासमध्ये टीव्ही लावला की तोच, आणि त्या दिवशी जिंकलं काय तर अमेरिकन सामोआ, पॅसिफिकमधलं चिमुकलं बेट.

ताईने वॉरेनला मत दिलं. टेक्सास बायडनने जिंकलं, वॉरेन तिथे राज्यभरात १५ टक्क्यांच्याही खाली राहिली, म्हणजे नियमाप्रमाणे उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनासाठी राज्य पातळीवरचा एकही प्रतिनिधी नाही, स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तिसरी आली आणि ५ मार्चला थांबली. बाबा म्हणाले मत वाया गेलं पोरी. मला नाही वाटत. कोणत्या प्रश्नाला किती लोक मानतात हे पक्षाला त्याच मतांमधून कळते, आणि जिंकणाऱ्याला पुढे हरलेल्यांचे मतदार लागतातच. वॉरेनची दिवाळखोरी कायद्याबद्दलची योजना बायडनने त्याच मार्चमध्ये उचलली, सँडर्स एप्रिलमध्ये थांबल्यावर त्याच्या आणि बायडनच्या लोकांच्या संयुक्त समित्या बसल्या. अंदाज बांधून सगळ्यांनी पहिल्याच दिवशी बायडनला मत दिलं असतं तर हे करायची गरज कोणाला पडली असती?

२०२४ ला तर बायडन जुलैमध्ये बाजूला झाल्यावर कमला हॅरिसला प्रायमरीशिवायच उमेदवारी मिळाली, वेळच उरला नव्हता, आणि ताईला त्याचं वाईट वाटलं. हॅरिस तिला नको होती असं नाही, पण विचारलं गेलं नाही. आपल्याला तर ते कधीच विचारत नाहीत, म्हणून मला तिचं वाईट वाटणं बरोबर समजलं.

एक राहिलं. त्याच २०२० च्या मतपत्रिकेवर टेक्सासचा रेलरोड कमिशनर निवडायचा होता. नाव रेल्वेचं, काम मात्र तेल आणि गॅसच्या विहिरींवर देखरेख, आणि टेक्सासमध्ये हे पद केवढं मोठं असेल विचार करा. मार्चमध्ये कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, दोघांमध्ये पुन्हा लढत, ती कोरोनामुळे मेवरून १४ जुलैवर गेली. ताई मास्क लावून गेली. या लढतीचे पोल टीव्हीवर कोणी दाखवत नव्हतं, हवा कोणाची ते कोणाला माहीत नव्हतं, मग तिने दोन संध्याकाळी बसून दोघांचं वाचलं, विहिरींवर नुसताच गॅस जाळून टाकतात त्याबद्दल कोण काय म्हणते ते बघितलं आणि ठरवलं. तिने निवडलेली बाई ती लढत जिंकली, नोव्हेंबरात हरली. २०२८ ला राष्ट्राध्यक्षासाठीही असंच बसून वाच, असं मी तिला सांगून ठेवलंय, आणि लवकर मतदानाला मुळीच जाऊ नको.