भूगोलाला संगणकाची जोड : नोकरीत नेमकं काय कामाला येतं?

काटोल-नरखेडच्या संत्राबागांचं उपग्रहचित्र डिसेंबर-जानेवारीत उघडलं, की कित्येक बागांचा हिरवेपणा उतरलेला दिसतो. नुसतं कोडिंग शिकलेलं पोरगं तिथे 'रोग' असा शेरा मारून मोकळं होतं. शेती कळणारा ओळखतो, की आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून झाडांना ताण दिलाय. शिवाय सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, जमिनीवरच्या १० बाय १० मीटरचा. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या बागेत त्यात जेमतेम तीन झाडं येतात, आणि मधली माती, तण सगळं त्याच आकड्यात मिसळतं. भूगोल आणि संगणक असे दोन्ही विषय शिकलेल्या माणसाला पगार मिळतो तो ही गफलत पकडण्याचा.

पण पदवीवर दोन विषय छापून आले म्हणजे हे आपोआप जमत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, किमान ६०, मायनरला, म्हणजे जोडविषयाला, २४. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. म्हणजे सगळी थिअरी धरली तर मायनरला मिळाले ३६० तास. ते 'ओळख' छापाच्या पेपरांत घालवले, की हातात काही उरत नाही. (मार्क सहज मिळतात म्हणून मायनर घेणारे तर विचारूच नका.) आधी संख्याशास्त्र आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, मग डेटाबेस, जीआयएस (नकाशावर माहिती मांडून तपासायची संगणकप्रणाली). बहुविद्याशाखीय पेपर ९ क्रेडिटचे, त्यांच्याकडून कौशल्याची अपेक्षा नको.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मात्र दोन्ही विषयांना धरून हवा. एक तालुका घ्या, जीपीएस घेऊन ६०-७० शेतं प्रत्यक्ष पाहा, पिकं नोंदवा. निम्म्या नोंदींवर संगणकाला पिकांचं वर्गीकरण शिकवा, उरलेल्यांवर तपासा. त्याच नोंदींवर तपासलं तर अचूकता फुगलेली दिसते. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

नागपुरात अशा कामाच्या जागा आहेत : वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडला मृदा सर्वेक्षण ब्युरो, शिवाय एमआरसॅक (राज्याचं सुदूर संवेदन केंद्र), नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था). घोडं अडतं ते जाहिरातीतल्या 'संबंधित विषयातील पदवी' या शब्दांवर. छाननी करणारा गुणपत्रिकेवरचं मेजरचं नाव बघतो, मायनर बहुधा धरत नाही. एमएस्सीच्या प्रवेशालाही हेच. म्हणून मेजर ठरवण्याआधी या संस्थांच्या मागच्या दोन वर्षांतल्या प्रकल्प-पदांच्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना वाचा. आणि नेमकं काय शिकलात ते दाखवता यावं म्हणून प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम कॉलेजचा शिक्का मारून आत्ताच ठेवून घ्या. पुढे अभ्यासक्रम बदलला, की जुनी प्रत मिळवायला चकरा माराव्या लागतात.