सेबूचा जून मार फहार्दो

ऑगस्ट 2012 मध्ये फिलिपाइन्सच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, म्हणजे पीबीएचा ड्राफ्ट झाला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडले, तेव्हा सगळ्यात आधी नाव पुकारलं गेलं ते सेबूच्या एका पोराचं. जून मार फहार्दो. वय 22, उंची 6 फूट 10 इंच, कॉलेज युनिव्हर्सिटी ऑफ सेबू. पेट्रॉन ब्लेझ संघाने त्याला घेतलं. हा संघ मुळात सान मिगेल बीअरमेन, आणि पुढे त्याच नावाने पुन्हा खेळायला लागला.

यात एवढं काय, ते कळायला तिथली रीत माहीत हवी. चांगला खेळणारा मुलगा गावाकडे कुठे दिसला की मनिलातली मोठी कॉलेजं त्याला उचलतात. टीव्ही, जाहिराती, गर्दी, सगळं त्यांच्याच सामन्यांना. मनिलाच्या कॉलेजातून आला नाही तो खेळाडू कच्चा, असं सरसकट धरलं जातं. फहार्दो कॉम्पोस्तेलाचा, सेबू शहराच्या उत्तरेचं गाव ते. कॉलेजही त्याने सेबूतच केलं, सेसाफी या तिथल्या स्थानिक लीगमध्ये खेळला आणि तिथून थेट पहिला नंबर.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे, घर दापोलीला. बास्केटबॉलशी माझा संबंध जहाजावरच आला. बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, माल उतरवून रिकामे निघालो की होल्ड, म्हणजे मालाची कोठी, धुऊन कोरडा होतो, आणि क्रू फिलिपिनो असेल तर दोन दिवसांत तिथे रिंग लागलेली असते. आमच्या फिटरने ती गोल सळई वाकवून केली होती, मागे प्लायवुडचा तुकडा. हा फिटर सेबूचा. थर्ड मेट, म्हणजे डेकवरचा कनिष्ठ अधिकारी, तोही सेबूचा आणि त्याच युनिव्हर्सिटी ऑफ सेबूमधून शिकलेला, कारण दर्यावर्दी शिक्षणासाठी ती संस्था फार मोठी आहे. फहार्दोचं नाव निघालं की हा माणूस एरवीपेक्षा ताठ बसायचा.

फिटरने मला एकदा त्याची चाल करून दाखवली. बास्केटकडे पाठ, चेंडू दोन्ही हातांत छातीशी धरलेला. एक ड्रिबल, खांद्याने मागच्या माणसाला जरा सरकवायचं, डावा पाय रोवायचा, आणि वळता वळता उजव्या हाताने चेंडू वरून आत, म्हणजे हुक. जहाज डोलत होतं, तरी फिटरचे तीनातले दोन जात होते. मी विचारलं, उडी कुठेय? तो म्हणाला, "सर, त्याला उडी लागतच नाही. तो तिथे आधीच पोचलेला असतो." नंतर हार्ड डिस्कवर साठवलेले सामने बघितले, तेव्हा पटलं. फिलिपिनो प्रेक्षकाला वेगाने घुसणारा, हवेत हात बदलणारा गार्ड मनापासून आवडतो. फहार्दोत यातलं काहीच नाही. तो जागा धरतो, रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेतो, चेंडू आत टाकतो आणि मान खाली घालून परत धावत जातो.

पहिल्या मोसमात तो सर्वोत्तम नवोदितही ठरला नाही. तो मान त्याच्यामागून निवडल्या गेलेल्या काल्विन आबुएवाने नेला. त्या दिवसांत डॅनी इल्देफोन्सो या जुन्या सेंटरने, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने, जो स्वतः दोनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, झालेला होता, या पोराला हाताशी धरून शिकवलं. पुढच्याच मोसमात, 2013-14 ला, फहार्दो एमव्हीपी. आणि मग 2019 पर्यंत सलग सहा वेळा! त्याआधीचा विक्रम चारचा होता, रामोन फर्नांदेझ आणि आल्विन पात्रिमोनियो यांच्या नावावर, आणि त्या दोघांनाही ते चार सलग मिळाले नव्हते.

पीबीएत मोसमाला तीन स्पर्धा असायच्या. दोनमध्ये परदेशी खेळाडू चालतात, फिलिपाइन कपात फक्त देशातले. म्हणून कपाला मान जास्त. सान मिगेलने 2014-15 पासून हा कप ओळीने पाच वर्षं जिंकला. यातला दुसरा मला सगळ्यात प्रिय आहे. उपांत्य फेरीत फहार्दोचा गुडघा दुखावला. अलास्का या संघाविरुद्धच्या अंतिम मालिकेत तो बाहेर, आणि संघ 0-3 ने मागे. चौथा सामना त्याच्याविना ओव्हरटाइममध्ये जिंकला. पाचव्यात तो बाकावरून उठून आला आणि पुरता बरा नसतानाही 13 गुण केले. तोही सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि तोही जिंकला. सहावा, सातवा, आणि 3 फेब्रुवारी 2016 ला मालिका 4-3. अमेरिकेच्या एनबीएत 0-3 वरून मालिका आजवर कुणालाही फिरवता आलेली नाही. आम्ही तेव्हा सिंगापूरच्या अँकरेजला होतो. सगळे फोन घेऊन पोर्ट साइडच्या रेलिंगला उभे, कारण सिग्नल तिकडेच मिळत होता. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मनिलाकडचा, अलास्कावाला. त्याने निमूटपणे सगळ्यांना कोक पाजला.

मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू सान मिगेलचाच क्रिस रॉस ठरला, आणि ते योग्यच होतं. पण फहार्दो मैदानात उतरल्यावर अलास्काला आत दोन-दोन माणसं लावावी लागली, बाहेरचे मोकळे झाले, हे गुणफलकावर दिसत नाही. देशाच्या संघातही त्याचं काम असंच. 2014 च्या विश्वचषकात स्पेनमधल्या सेव्हिलला सेनेगलविरुद्ध फिलिपाइन्सचा आंद्रे ब्लॅच पाच फाउल होऊन बाहेर गेला आणि ओव्हरटाइममध्ये आतली जबाबदारी या पोरावर आली. फिलिपाइन्स 81-79 ने जिंकलं. विश्वचषकातला 40 वर्षांतला पहिला विजय.

फेब्रुवारी 2020 मध्ये सरावात त्याच्या उजव्या पायाची नडगी मोडली. संपूर्ण 2020 चा मोसम गेला. एवढ्या वजनाच्या, तिशी ओलांडलेल्या सेंटरची नडगी मोडली की पुढचं कुणीही सांगू शकतं. 2021 ला तो परतला तेव्हा सुरुवातीला खरंच जड वाटायचा, वळायला अर्धा क्षण उशीर व्हायचा. याच काळात फिलिपाइन्सचे तरणे खेळाडू एकामागून एक जपानच्या बी लीगमध्ये निघाले, कारण तिथे पैसा जास्त. त्यांना नावं ठेवायला मी कोण, आमची सगळी जहाजं पैशासाठी घर सोडलेल्या माणसांवरच चालतात. फहार्दो मात्र सान मिगेलमध्येच राहिला. 2022 चा फिलिपाइन कप संघाने सात सामन्यांच्या मालिकेत टीएनटी संघाला हरवून जिंकला आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत फिलिपाइन्सने 1962 नंतरचं पहिलं सुवर्ण जिंकलं, त्या संघातही तो होता.

मग 2022-23 चा एमव्हीपी, त्याचा सातवा. पाठोपाठ आठवा. माझ्या लेखी हा सातवा पहिल्या सहांपेक्षा मोठा. ते सहा मिळवताना लीगमध्ये त्याला अडवणारा माणूसच नव्हता. सातव्याच्या वेळी प्रत्येक संघाला त्याचा खेळ पाठ होता आणि पाय पूर्वीचा उरला नव्हता. तरी चाल तीच होती: एक ड्रिबल, खांदा, हुक.