फुटबॉल संग्रह: अपलोड परत शून्यावर का जात होतं, ते सापडलं

सापडलं एकदाचं! कोल्हापूरच्या फुटबॉलचे फोटो-व्हिडिओ लोकांकडनं जमवायचा आपला संग्रह आहे, त्याच्या अपलोडची ही गोष्ट. मागच्या नोंदीत ज्याच्यापुढं मी हात टेकले होते, ते 'रेंज गेली की अपलोड पहिल्यापासनं' प्रकरण मिटलंय. दोष अपीत (ब्राउझरातला अपलोडर) नव्हता, टसडीत ('टस' ही तुटलेलं अपलोड पुढं चालू ठेवायची पद्धत, टसडी तिचा सर्व्हर) नव्हता आणि शाहू स्टेडियमजवळच्या टॉवरमध्येही नव्हता. तो होता मधल्या एन्जिनएक्सच्या (बाहेरच्या विनंत्या घेऊन मागच्या टसडीला देणारा प्रॉक्सी) एका डीफॉल्ट सेटिंगमध्ये.

लक्षण तुम्हाला माहीतच आहे. लॅपटॉपवर सगळं गुण्यागोविंदानं चालायचं. वायफाय बंद करा, चालू करा, टस जिथं थांबलं तिथून पुढं. सर्व्हरवर चढवलं की मात्र बोंब. आणि आपला संग्रह वापरला जाणार कुठं? पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला तालमींच्या संघांचा सामना, गॅलरी खच्चून भरलेली, प्रत्येकाच्या हातात फोन आणि रेंजची एक काडी, तीही मनात आलं तर. पेठेतल्या एका पोरानं गोलचा व्हिडिओ तिथूनच चढवायला घेतला. पट्टी ७० टक्क्यांपर्यंत गेली, रेंज गेली, परत आली आणि पट्टी शून्यावर. "दादा, ह्ये परत पहिल्यापासनं सुरू झालं की ओ!" त्याचा डेटा गेला तो गेलाच, वर माझी अब्रूपण.

पहिला संशय फिंगरप्रिंटवर होता. टस-जेएस-क्लायंट (अपी आतून वापरतो ती टसची लायब्ररी) ब्राउझरमध्ये फाईलचं नाव, प्रकार, आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि सर्व्हरचा पत्ता जोडून एक खूण तयार करतो आणि तिच्यासमोर अपलोडचा पत्ता लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या साठवणीत) ठेवतो. खूण बदलली की त्याला ती फाईल नवीनच वाटते. पण फोन केबलनं जोडून पाहिलं तर खूण तीच आणि पत्ताही तोच. रेंज परतल्यावर तो इमानदारीत त्याच पत्त्यावर हेड विनंती पाठवत होता, 'माझं कुठपर्यंत पोचलंय?' म्हणून. उत्तर यायचं: अपलोड-ऑफसेट शून्य.

म्हणजे क्लायंट बरोबर, सर्व्हरही खरं बोलतोय. त्याच्याकडं खरंच काही नव्हतं. मग पट्टी ७० टक्के कशाच्या जोरावर दाखवत होती? इथं एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टस-जेएस-क्लायंटमधला 'ऑनप्रोग्रेस' ब्राउझरनं बाहेर ढकललेले बाइट मोजतो. सर्व्हरनं स्वीकारलेले बाइट पाहिजे असतील तर 'ऑनचंककंप्लीट' बघायचा. पट्टी पहिल्या आकड्यावर चालते, त्यामुळं ती दिसायला कायम आशावादी असते.

मग सर्व्हरवर दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडले. एकात टसडीचं फोल्डर, दुसऱ्यात उबुंटूवर एन्जिनएक्स तात्पुरत्या फायली ठेवतो ती जागा: व्हार, लिब, एन्जिनएक्स, बॉडी. फोनवरनं अपलोड सुरू केलं. टसडीकडं इन्फो फाईल (अपलोडची माहिती ठेवणारी) तयार झाली आणि तिच्या शेजारी शून्य बाइटची फाईल बसून राहिली. आणि दुसऱ्या खिडकीत? एक आकडेवजा नावाची फाईल फुगत चाललेली. वीस एमबी, चाळीस, साठ... फोन विमान मोडवर टाकला. फुगणं थांबलं. मिनिटभरानं फाईलच गायब! (क्लायंटकडनं काही आलं नाही तर वाट बघायची मुदत डीफॉल्टनं ६० सेकंद आहे, त्याचा हा हिशेब.) मी खुर्चीतनं उठून उभाच राहिलो, खोटं कशाला सांगू.

कारण असं. एन्जिनएक्स डीफॉल्टनं विनंतीचं सगळं अंग (बॉडी, म्हणजे आतला डेटा) आधी स्वतःकडं साठवतो आणि पूर्ण झाल्यावरच मागच्या सर्व्हरला देतो. गंगावेशीतल्या गवळ्यानं दारात दूध घालावं, उंबऱ्यावरचं भांडं काठोकाठ भरल्याशिवाय कुणी ते आत न्यायचं नाही, आणि गवळी मध्येच निघून गेला तर अर्धं भांडं मोरीत ओतायचं, असा हा कारभार. यात एन्जिनएक्सला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मंद क्लायंटपायी मागचा सर्व्हर अडकून पडू नये म्हणून ही सोय आहे आणि साध्या फॉर्मला ती उत्तमच. पण टसचा सगळा डाव 'अर्धवट आलेलं जपून ठेवा' यावर उभा आहे.

उपाय दोन ओळींचा. एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमधल्या अपलोडच्या लोकेशनमध्ये प्रॉक्सी रिक्वेस्ट बफरिंग (म्हणजे हीच साठवणूक) ऑफ, आणि प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१. दुसरी ओळ गाळू नका. चंक्ड पद्धतीनं (एकूण आकार आधी न सांगता) आलेली विनंती प्रॉक्सीची आवृत्ती १.१ नसेल तर बफरिंग बंद केलं तरी साठवलीच जाते. बाकी ओळी तुमच्याकडं असतीलच: बॉडीची कमाल मर्यादा (डीफॉल्ट १ एमबी, ती ओलांडली की ४१३ चा एरर) आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (मूळ विनंती एचटीटीपी की एचटीटीपीएस ते मागं सांगणारा हेडर). टसडीला 'बिहाइंड-प्रॉक्सी' सांगायलाही विसरू नका, नाहीतर तो उत्तरातल्या लोकेशन हेडरमध्ये एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपीचा पत्ता देतो आणि ब्राउझर तोंड फिरवतो.

"चंकसाइज ५ एमबी ठेव, प्रश्न सुटतो" म्हणजे फाईल ५-५ एमबीच्या तुकड्यांत पाठव, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. सुटत नाही, झाकला जातो. प्रत्येक तुकडा पूर्ण झाला की पुढं सरकतो, त्यामुळं नुकसान फार तर एका तुकड्याचं, हे खरं. पण दर तुकड्याला नवी विनंती, म्हणजे मंद रेंजवर दरवेळी जाणं-येणं आलं. टसवालेसुद्धा गरज नसेल तर चंकसाइज देऊ नका असंच सांगतात. पुढं सीडीएन (सर्व्हरच्या पुढं बसणारं वितरणाचं जाळं) बसवलेला असेल आणि तोही विनंती साठवत असेल, तर मात्र नाइलाज. मी अपलोडसाठी वेगळा सबडोमेन काढून तो थेट सर्व्हरला जोडलाय. होस्टिंग पॅनेलची तर बातच नको. सर्टिफिकेटचं नूतनीकरण झालं की ते स्वतःची कॉन्फिग परत लिहून टाकतं, म्हणून माझ्या ओळी आता वेगळ्या इन्क्लूड फाईलमध्ये आहेत. फुकटचं पॅनेल घेऊ नका, हाताने लिहा. चार ओळींचं काम आहे.

बफरिंग बंद केल्यावर लगेच नवीन पाहुणा आला: ४२३, लॉक्ड. विमान मोडमध्ये फोन सर्व्हरला 'निघतो' असं सांगत नाही, त्यामुळं जुनी पॅच (डेटा चढवणारी) विनंती तिकडं लटकत राहते आणि तिच्या हातात त्या अपलोडचं कुलूप असतं. रेंज परतल्यावर नवी विनंती दारात उभी. क्लायंट ४२३ ला परत प्रयत्न करतो, पण अपीचे डीफॉल्ट रिट्राय डिले (परत प्रयत्नाआधी थांबायच्या वेळा) शेवटी ५ सेकंदांचे, आणि तेवढ्यात कुलूप सुटत नाही. टसडीच्या आवृत्ती २ मध्ये नवी विनंती जुनीला कुलूप सोडायला लावते, म्हणून आधी आवृत्ती वाढवली. शिवाय डिलेची यादी ६० सेकंदांपर्यंत ताणली. स्टेडियमवर तेवढं लागतंच.

मग संध्याकाळी रंकाळ्याच्या कडेनं चालत चाचणी. विमान मोड चालू, बंद, चालू, बंद. ६० टक्क्यांवर तोडलं, चहा घेतला, जोडलं, ६० च्या आसपासनं पुढं. ब्राउझर बंद करून तोच व्हिडिओ परत निवडला, तरी पुढंच. काटा किर्र! आणि इन्फो फाईल उघडली तर मेटाडेटात 'पाटाकडील तालीम मंडळ' काना-मात्रेसकट जसंच्या तसं. क्लायंट मेटाडेटा यूटीएफ-८ करून मगच बेस६४ मध्ये घालतो, म्हणून. फाईलपाँडवर (अपीसारखाच दुसरा अपलोडर) होतो तेव्हा ही सगळी जुळणी मलाच करावी लागली असती. दिसायला तो अजूनही सगळ्यात देखणा आहे, पण त्याची तुकड्यांची पद्धत त्याची स्वतःची, आणि सर्व्हरची बाजू आपण लिहायची.

पुढचं काम लघुचित्रांचं ठरलं होतं. ते मागं पडतंय. अपलोड व्यवस्थित व्हायला लागल्यावर दिसलं की निम्मा माल व्हॉट्सॲपवरनं फिरून आलेला आहे. एकच गोल, एकच फोटो, चार तालमींच्या ग्रुपमधनं. व्हॉट्सॲप फोटो पुन्हा दाबतो आणि एक्झिफ (फोटोतली तारखेबिरखेची माहिती) काढून टाकतो, त्यामुळं साधा हॅश (फाईलच्या बाइटवरनं काढलेली खूण) जुळत नाही आणि तारीखही मिळत नाही. फाईलच्या नावातली तारीख खेळाची असेलच असं नाही. म्हणून डीहॅश: फोटो ९ बाय ८ चा करड्या रंगात करायचा, शेजारचे ठिपके उजळ की गडद ते बघायचं, ६४ बिट मिळतात, दोन फोटोंत किती बिट वेगळे ते मोजायचं. हे टसडीच्या पोस्ट-फिनिश हुकमध्ये (अपलोड संपल्यावर चालणारा कोड) टाकणार होतो.

पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, सर्व्हरवर कशाला? ब्राउझरातच कॅनव्हासवर करून अपीच्या प्रीप्रोसेसरमध्ये (अपलोडआधी चालणारा भाग) घातलं तर आधीच असलेला फोटो चढवायचाच नाही. गॅलरीतल्या माणसाचा डेटा वाचेल. अडचण एकच: बर्स्टमध्ये काढलेले एकाच गोलचे पाच फोटोही जुळे ठरतील, आणि त्यातलाच एखादा लाखमोलाचा असतो. म्हणून अडवायचं नाही, फक्त विचारायचं: 'असाच फोटो आहे, तरी पाठवू?' आणि नव्या प्रतीत पिक्सेल जास्त असतील तर न विचारता घ्यायचं.

जुन्या अल्बमच्या स्कॅनना यातलं काहीच लागू नाही. २०१९ च्या पुरात भिजलेले जे अल्बम लोकांनी आणून दिलेत, त्यांच्यासाठी फोटो दाबणारं कॉम्प्रेसर प्लगइन बंद, जुळ्यांची तपासणी बंद, मूळ टिफ जशीच्या तशी चढणार. त्यासाठी वेगळा अपी इन्स्टन्स आणि वेगळं लोकेशन करतोय. बफरिंगची ओळ तिथंही लागेल, ती आत्ताच टाकून ठेवली.