नवतप्यातली बॉल पायथनची पेटी

बॉल पायथन हा अजगराच्या कुळातला साप. तो कसा सांभाळायचा याची माहिती शोधायला बसलं, की पहिल्या ओळीपासून ऊब आणि ऊबच. हीटिंग मॅट कुठली घ्यावी, दिवा किती वॅटचा लावावा, रात्री खोली गार पडली तर काय करावं. लिहिणारे बहुतेक थंड मुलखातले. आमचं गाव हिंगणघाटकडचं. मे महिन्यात पारा 45-46 च्या घरात असतो आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, रात्री अंगणात खाट टाकली तरी डोळा लागत नाही. इथे साप शिजणार नाही, एवढं आधी पाहावं लागतं. माझी सगळी पेटी त्या एका हिशेबानं बनली.

साप मूळचा धाकट्या भावाचा. तो पुण्याला नोकरीत होता, पुढे कंपनीनं जर्मनीला पाठवलं आणि साप माझ्याकडे यायचं ठरलं. त्याआधी कागदाचं काम. आपल्याकडचे नाग, धामण, घोणस, अजगर 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं घरात ठेवता येत नाहीत, हे तर गावातल्या सर्पमित्र पोरांनाही तोंडपाठ आहे. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. पण तो साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये येतो, म्हणून फेब्रुवारी 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते आणि हातबदल झाला तर तोही कळवावा लागतो. भावाची नोंद मुदतीत झालेली होती. माझ्या नावचं सगळं होईस्तोवर साप पुण्यातच राहिला. आल्यावर कागदाची एक प्रत पोलीस पाटलांना नेऊन दिली, कारण पारावरचा पहिला प्रश्न होता, "मांडूळ हाय का बे? लाखात जाते म्हनते ना!"

पेटीआधी जागा ठरवली. समोरच्या स्लॅबच्या खोल्या दुपारी भट्टी होतात आणि मध्यरात्रीपर्यंत तापलेल्याच राहतात. मागचं जुनं घर कवेलूचं, भिंती हातभर जाड मातीच्या. तिथल्या मधल्या खोलीला एकच लहान खिडकी, तीही उत्तरेला. तापमापक तिथे काही दिवस ठेवून पाहिला. बाहेर आग असताना आत बऱ्यापैकी कमी, आणि मुख्य म्हणजे चढ-उतार थोडा. या सापाला गार बाजूला 25 ते 27 अंश आणि उबदार टोकाला 31 ते 33 लागतात. 35 च्या वर त्याला त्रास सुरू होतो. पेटी कितीही भारी घेतली, तरी तापलेल्या खोलीत ती साप गार ठेवू शकत नाही.

भावाकडे काचेची टाकी होती, माशांची असते तशी, वर जाळी. ती आणलीच नाही. वरून उघडी असल्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ओलावा तासाभरात उडून जातो आणि कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. शिवाय चारही बाजू पारदर्शक म्हणजे सापाला लपल्यासारखं वाटत नाही. मी वॉटरप्रूफ प्लायची पेटी करून घेतली: चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच, समोर सरकत्या काचा. पूर्ण वाढलेला साप चार-साडेचार फुटांचा होतो, त्याला आत कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत का होईना, जवळजवळ सरळ पसरता आलं पाहिजे.

आमचे सुतारकाका माप ऐकून म्हणाले, "काहून रे बाबू, एवढी पेटी सापाले? यात माया पोरीचं अख्खं रुखवत मावते." पण काम चोख केलं. दोन्ही बाजूंना, एक खाली आणि एक वर, अशी हवेची भोकं पाडून स्टीलची बारीक जाळी आतून बसवली. आतल्या सांध्यांना सिलिकॉन भरलं. सिलिकॉनला आधी व्हिनेगरसारखा झणझणीत वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत पेटी उन्हात उघडी ठेवली, मग आत हात घातला. काचांना दुकानातल्या शोकेसला असतं ते दातेरी कुलूप. हे शोभेसाठी नाही. काचेत बोटभर फट मिळाली, तर साप नाक घालून ती सरकवतो. आणि गावात बाहेर दिसलेला साप कुठला, हे काठी मारल्यावरच विचारतात. याच्या अंगावरचे ठिपके पाहून घोणस म्हणणारे घरातच दोघं निघाले.

पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत, आजी जाळीच्या कपाटाचे ठेवायची तसेच. मुंग्या ही आपल्याकडची खरी अडचण, आणि तिच्यावर परदेशी माहितीत ओळही सापडत नाही. पावडर किंवा स्प्रे मारायचा नाही. त्या खोलीत फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटल्या ठेवणंही बंद केलं. कापूस पिकवणाऱ्या घरात यासाठी बायकोशी आणि बाबांशी दोघांशीही भांडावं लागलं. तसंच घरातला उंदीर पकडून सापाला टाकायचा नाही. त्यानं कुठे विषाची गोळी खाल्ली असेल, सांगता येत नाही. खाणं नागपूरहून गोठवलेलं येतं.

आत लपायला दोन जागा लागतात, एक गार टोकाला, एक उबदार टोकाला. हा प्राणी मुळात वारुळात आणि उंदरांच्या बिळात राहणारा, म्हणजे त्याला अंग चहूकडून टेकेल एवढीच जागा आवडते. बाजारातल्या प्लास्टिकच्या गुहांपेक्षा मला कुंभाराचा माठ पटला. तळ फुटलेला एक लहान माठ आडवा ठेवला, कडा दगडावर घासून बोथट केल्या. एप्रिल-मे मध्ये सकाळ-संध्याकाळ त्याला बाहेरून पाणी चोळतो. हवा कोरडी असते तोवर माठ झिरपत राहतो आणि आतली जागा पेटीपेक्षा गार राहते. दुपारी साप हमखास तिथेच असतो, गुंडाळी करून, डोकं मध्यभागी.

खोलीत कूलर आहे, पण झोत पेटीवर नाही, समोरच्या भिंतीवर. बाहेर दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते, तेव्हा कूलर गारवाही देतो आणि सापाला लागणारा 60 टक्क्यांच्या आसपासचा ओलावाही. वीज गेली की ओलं गोणपाट खिडकीला. मे महिन्यात ऊब देणारं काहीही चालू नसतं.

कूलरचा उपयोग मृग लागेपर्यंत. जुलैत हवाच ओली, तेव्हा तो लावला तर नुसता चिकचिकाट आणि सापाच्या पोटाखाली जखमा होण्याची भीती. तेव्हा पेटीच्या तळाशी एरवी असतं ते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) काढून वर्तमानपत्र अंथरतो, रोज बदलतो, माठ कोरडा ठेवतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात नुसता पंखा.

थंडीत मात्र पुस्तकातली ऊब लागते. डिसेंबरात इथे रात्री पारा 10 च्या खाली जातो. छताला सिरॅमिक हीटर, त्याभोवती जाळीचा पिंजरा, कारण साप गरम वस्तूला वेढा घालून भाजून घेतो आणि त्याला वेळेत कळत नाही. ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय तो कधीच लावत नाही. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार उबदार टोकाला, साप बसतो त्या उंचीवर बांधली आहे. रात्रीचं भारनियमन असलं तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवतो, आणि पेटीवर जुनी गोधडी टाकतो, हवेची भोकं मोकळी ठेवून.