उरीयाचं काय?

राखेचा बुधवार, रात्री

कपाळावरची राख अजून पुसलेली नाही. आज चर्चमध्ये मिस्सेत बायबलातलं ५१वं स्तोत्र होतं. राखेच्या बुधवारी, ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, दरवर्षी तेच असतं आणि दरवर्षी सगळे प्रतिसाद म्हणत असताना मी एका ओळीपाशी गप्प होते.

‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.’

देवाविरुद्धच? मग उरीयाचं काय?

स्तोत्राच्या माथ्यावर लिहिलेलं असतं की दावीद राजा बथशेबेकडे गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, तेव्हाचं हे स्तोत्र. म्हणजे ते गाताना बथशेबेचा नवरा उरीया मरून गेलेला आहे. २ शमुवेलचा ११वा अध्याय आज पुन्हा काढून वाचला. सैन्य राब्बाला वेढा घालून बसलंय आणि राजा मात्र यरुशलेमात. उरीयाच्या बायकोला तो बोलावून घेतो, तिला दिवस जातात. मग उरीयाला लढाईवरून परत आणतो, घरी जा म्हणतो, म्हणजे मूल त्याच्या माथी मारता येईल. उरीया जात नाही. कराराचा कोश आणि सोबतचे शिपाई राहुट्यांत असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा, असं म्हणून राजवाड्याच्या दाराशीच चाकरांबरोबर झोपतो. दुसऱ्या दिवशी राजा त्याला दारू पाजतो, तरी नाही. शेवटी राजा सेनापती यवाबाला पत्र लिहितो: याला तुंबळ लढाईच्या तोंडी ठेवा आणि तुम्ही मागं सरा. ते पत्र उरीयाच्याच हाती देतो.

माझं पत्र नव्हतं, पाकीट होतं.

१९ वर्षं झाली. ऑफिसची रोकड माझ्या ताब्यात असायची. घरात नड होती, मी त्यातून पैसे घेतले. महिनाअखेरीला भरून टाकू, असं ठरवलं होतं. त्याआधीच तपासणी आली. मी लेखी दिलं की त्या दोन दिवशी किल्ल्या एका सहकाऱ्याकडे होत्या. सीलबंद पाकिटं वरच्या मजल्यावर पोचवायचं काम त्याचंच. पाकीट घेताना त्यानं विचारलं होतं, ‘ताई, कुठं सही राहिली नाही ना?’

नाही म्हटलं.

त्याची नोकरी गेली. मी निवृत्त होईपर्यंत राहिले.

शुक्रवार

हे मी पापनिवेदनात सांगितलं नाही असं नाही. तीनदा सांगितलं. पहिल्यांदा त्याच वर्षी: ‘दोन रविवार मिस्सा चुकली, मुलांवर रागावले, ऑफिसात एकदा खोटं बोलले.’ मेथीच्या जुडीत गवत लपवावं तसं. फादरांनी मुक्ती दिली, प्रार्थना सांगितल्या, मी त्या म्हटल्या आणि बाहेर आल्यावर छातीवरचं ओझं तसूभरही हललं नव्हतं. दुसऱ्यांदा थोडं जास्त सांगितलं, पण ‘एका सहकाऱ्याचं नुकसान झालं’ अशा भाषेत. झालं! जणू पाऊस झाला.

गेल्या वर्षी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा तो वारलेला होता. चार वर्षांपूर्वीच गेला, मला जुन्या सहकारणीकडून कळलं. तेव्हा मात्र जाळीपलीकडच्या फादरांना सगळं सांगितलं. पैसे मी घेतले, सही मी केली, पाकीट त्याच्या हातात मी दिलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘त्याच्या घरी कोण आहे?’

मला वाटलं होतं विचारतील, किती दिवसांनी आलात, पश्चात्ताप आहे का. हा प्रश्न भावाला मारलेल्या काइनाला देवानं विचारलेल्या प्रश्नाच्या जातीचा होता. तुझा भाऊ कुठे आहे?

मी म्हटलं, बायको आहे, मुलगा आहे. ते म्हणाले, देव तुम्हाला क्षमा करतोय, त्यात शंका धरू नका. पण त्याचं नाव अजून चोरांच्या यादीत आहे, ते तिथून काढायचं काम तुमचं. मुक्ती दिली त्यांनी, तेव्हाच. काम आधी उरकून या, मग देतो, असं म्हणाले नाहीत. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. अट घातली असती तर सौदा समजला असता. धर्मशिक्षणात लहानपणीच शिकलो होतो की मुक्तीनं पाप जातं, पण पापानं केलेली नासधूस आपोआप सुधारत नाही, चोरलेलं परत करावं लागतं, कुणाची अब्रू घेतली असेल तर ती भरून द्यावी लागते. परीक्षेत उत्तर लिहून मार्क मिळवले होते.

रविवार

आज प्रवचनात उधळा पुत्र नव्हता, तरी डोक्यात तोच. खरं सांगायचं तर बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या मुलाचा हा येशूचा दृष्टान्त मला फारसा उपयोगी पडत नाही. (देव मला क्षमा करो. त्याचीच तर गोष्ट चाललीय.) त्यात ज्याचं नुकसान झालं तोच बाप आणि जो धावत येऊन गळ्यात पडतो तोही तोच बाप. मुलाला आणखी कुणाच्या दाराशी जावं लागत नाही. मोठा भाऊ कुरकुरतो खरा, पण त्याचं कुणी काही चोरलेलं नाही. माझ्या गोष्टीत मात्र अंगणात तिसरा माणूस उभा आहे.

जकातदार जक्कय जवळचा वाटतो. येशू त्याच्या घरी उतरायला येतो तेव्हा त्यानं काही परत केलेलं नसतं. आधी पाहुणा येतो, मग जक्कय उठून म्हणतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट देतो. चौपट हा आकडा त्यानं हवेतून काढलेला नाही. चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकलं तर एकाला चार द्यायची, असं मोशेच्या नियमशास्त्रात आहे. नाथानानं श्रीमंतानं हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा दावीदही तेच भडकून म्हणाला होता, चौपट भरायला लावा! ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे ऐकायला अजून एक क्षण होता.

मेंढीची चौपट कळते. १९ वर्षांची चौपट कशी काढायची?

मंगळवार, रात्री उशिरा

जुन्या ऑफिसला मी जानेवारीतच लिहून दिलं होतं. चार पानं. पैसे भरायचीही तयारी लिहिली. पोच मिळाली, पुढं काही नाही. आज त्याच्या घरी गेले.

तिनं दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. पाणी आणायला उठली तेव्हा मी म्हटलं, आधी ऐका. सांगितलं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात. ती भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, ‘ते शेवटपर्यंत म्हणायचे, ताईंना विचारा, ताईंना माहीत आहे किल्ल्या कुणाकडं होत्या.’

त्याला वाटत होतं, मी त्याची साक्षीदार आहे.

‘माफ करा’ हा शब्द तोंडातून निघाला आणि लगेच लाज वाटली. ती म्हणाली, ‘माफी त्यांना मागायची होती. मी कोण देणारी?’ आवाज चढवला नाही. बरोबरच बोलली. देवानं मला क्षमा केली, हे मी तिला सांगितलं नाही. त्या खोलीत ते खिशातून पावती काढून दाखवल्यासारखं झालं असतं.

उठताना मात्र ती म्हणाली, ‘ऑफिसला दिलंत त्याची प्रत मला हवी. पोराला दाखवायचीय.’

बुधवार, पहाटे

झोप नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचा अध्याय वाचत बसले, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २७वा. त्याच्याकडे आपण घाईनं बघतो. त्यानं पैसे परत केले, ३० रुपये, पूर्ण. तोंडानं कबूलही केलं की मी निर्दोष रक्त धरून दिलं. आणि मुख्य याजक काय म्हणाले? त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहा. क्षमेचा रस्ता दाखवणं हेच ज्यांचं काम, त्यांनी दार लावून घेतलं आणि तो एकटा निघून गेला. पेत्र या शिष्यानंही त्याच रात्री येशूला तीनदा नाकारलं होतं, तो बाहेर जाऊन रडला, पण पुन्हा बाकीच्यांमध्ये येऊन राहिला. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्या नाकारण्याच्या वेळी कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ असं तीनदा विचारतो, तिथंही कोळशांचाच विस्तव. योहान आणखी कुठं असा विस्तव पेटवत नाही. क्षमा करताना प्रभूनं पेत्राला त्या रात्रीचा वासही चुकवू दिला नाही.

यहूदाचं पुढं काय झालं, देव जाणे. अमका माणूस नरकात आहे असं ख्रिस्तसभेनं आजवर कुणाचंही नाव घेऊन अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही, त्याचंही नाही. मला याचा आधार वाटतो. का, ते लिहिण्याची गरज नाही.

उजाडता उजाडता उरीयाला शोधत पानं चाळली. दोन जागा सापडल्या. एक, २ शमुवेलच्या २३व्या अध्यायात, दावीदाच्या शूर वीरांच्या यादीच्या अगदी शेवटी: उरीया हित्ती, एकंदर ३७. दुसरी जागा मी शेकडो वेळा ऐकलीय आणि कधी थांबले नाही. मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात, येशूच्या वंशावळीत. दावीदाला शलमोन कुणापासून झाला? मत्तय बथशेबेचं नाव लिहित नाही. लिहितो, उरीयाच्या बायकोपासून. दावीदाला क्षमा होऊन हजार वर्षं उलटलेली, ती त्याची राणी होऊन, मुलगा गादीवर बसून, सगळं होऊन गेलेलं, तरी लिहिणारा म्हणतो उरीयाची. तारणाऱ्याच्या घरच्या कागदात मेलेल्या शिपायाचं नाव आहे.

नाथानापुढं दावीद म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं. हिब्रूत हे दोनच शब्द आहेत म्हणे. त्याच वचनात उत्तर येतं, परमेश्वरानं तुझं पाप दूर केलंय. इतक्या चटकन मिळालेल्या क्षमेचा मला राग यायचा, उरीयाच्या वतीनं. आज वाटलं, उरीयाच्या वतीनं रागावणारी मी कोण? उरीया ज्याच्या यादीत होता तो त्याला विसरलेला नाही. आणि ‘तुझ्याविरुद्धच’ हे कदाचित उरीयाला वगळून म्हटलेलं नसेल. ज्याला सांगायचं तो उरला नाही, म्हणून त्याच्यासाठी ज्याला लागलं त्याला सांगितलेलं असेल. माहीत नाही. फादरांना विचारायला हवं.

शुक्रवारी पुन्हा ५१वं म्हणेन. ती ओळही.

आत्ता पानं काढून ठेवलीत. ऑफिसला दिली ती टाइप केलेली होती. तिच्यासाठी हातानं लिहून काढतेय, म्हणजे अक्षर माझंच आहे हे पोराला दिसेल. तिनं निघताना सांगितलंय, प्रत्येक पानावर सही हवी. तीन पानं झाली. चौथं राहिलंय.