आमची वाटचाल : डाळिंबाच्या गावात लेह बेरी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या युनिटची सुरुवात डाळिंबाच्या रसाने झाली. सोलापुरात दुसरं काय होणार! लडाखचं सी बकथॉर्न हे छोटं, आंबट, नारिंगी फळ, म्हणजे बाजारातली लेह बेरी, नंतर आली आणि डाळिंबावर बसवलेली बरीचशी पद्धत बदलावी लागली.

दुकानदार हमखास विचारतात, ‘सी जीवनसत्त्वच हवं तर आवळा काय वाईट?’ काहीच वाईट नाही, शिवाय स्वस्त. फरक आहे तेलाचा. बहुतेक फळांत तेल बीत असतं, लेह बेरीत ते गरातही असतं. पामिटोलेइक हे मेदाम्ल (ओमेगा-७), कॅरोटिनॉइड म्हणजे पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं आणि ई जीवनसत्त्व त्यातच. रस ठेवून दिला की हे तेल सायीसारखं वर येतं. बाटली नितळ दिसावी म्हणून ती साय काढली, तर उरतो नुसता महागडा आंबट रस. आम्ही साय होमोजिनायझरमधून, म्हणजे तेलाचे थेंब बारीक करणाऱ्या यंत्रातून, रसातच मिसळतो. तरी थोडी वर येतेच, म्हणून लेबलवर ‘हलवून घ्या’.

तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. फांदी काटेरी, देठ घट्ट, फळ हात लागताच फुटणारं. भाव तिथेच चढतो. गर उणे १८ अंशांवर गोठवलेला येतो. तो ४ अंशांच्या खोलीतच सावकाश वितळू द्यायचा. मे महिन्यातल्या सोलापुरात बाहेर ठेवला, तर कडा आंबायला लागतात आणि मध्ये बर्फ तसाच. भांडी स्टीलचीच, तांबं, पितळ, लोखंड यांच्या संपर्काने सी जीवनसत्त्व झपाट्याने उडतं.

४० किलो स्क्वॅशला १० किलो गर, १७ किलो साखर, १३ लिटर पाणी. फळाचा अंश २५ टक्के, ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) ४५च्या आसपास. गर मूळचाच इतका आंबट, की सायट्रिक आम्ल लागत नाही. दाटपणासाठी पेक्टिन घालायचं तर आधी पाचपट साखरेत कोरडं मिसळावं, नाहीतर गाठी होतात. ८५ अंशांवर गरम करून लगेच गडद काचेच्या बाटलीत भरायचं, झाकण लावून बाटली उलटी करायची आणि मग पाण्याने झटपट गार करायची. गरम राहिली, तर रंग आणि वास दोन्ही जातात.

सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणासाठीचं रसायन आम्ही वापरत नाही. सी जीवनसत्त्वाबरोबर, उष्णता आणि उजेड मिळाला, की त्यातून अल्प प्रमाणात बेंझिन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकतं.

‘भगवा’ जातीच्या डाळिंबाबरोबर मिश्रण चवीला फक्कड लागतं, पण टिकत नाही. डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आणि सी जीवनसत्त्व त्याला लवकर तपकिरी करतं. म्हणून ते फक्त गार साखळीत (युनिटपासून दुकानापर्यंत सतत थंड ठेवून), थोड्या मुदतीचं विकतो.

औषध म्हणून विचारणाऱ्यांना आम्ही स्पष्टच सांगतो. डोळ्यांच्या कोरडेपणावर छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्या तेलाच्या कॅप्सूलवर. स्क्वॅशवर तो दावा लावणं चुकीचं. ३० मिली स्क्वॅशमध्ये सुमारे १५ ग्रॅम साखर जाते, म्हणजे तीन चमचे. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा गरच घ्यावा. कॅरोटिनॉइड तेलातच विरघळतात, त्यामुळे उपाशीपोटी घेण्यापेक्षा भाकरी आणि शेंगाच्या चटणीच्या जेवणाबरोबर घेतलेलं बरं. आम्लपित्त असलेल्यांनी बेतानेच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग ऑर्डर द्या.