उजवीकडचं इंजिन कमी थुंकतंय

ज्या होजने, म्हणजे रबरी नळीने, बोटीचं इंजिन तापलं ती माझीच होती. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना वाटेल की मी दुसऱ्या कुणाची चूक पकडली.

पुण्यात बोटींची इंजिनं बघतो म्हटलं की लोकांना पानशेतच्या स्पीडबोटी आठवतात. माझं वर्कशॉप भोसरीत, काम मुख्यतः जनरेटरचं. पण पुण्यात राहणाऱ्या काही मंडळींच्या मोठ्या बोटी मांडव्याला आणि मुंबईला असतात, आणि बोटीतलं डिझेल इंजिन ट्रकच्या इंजिनाचं भावंडच असतं. फरक इतकाच की त्याला रेडिएटर नसतो. इंजिनातलं कूलंट आतल्या आत फिरतं आणि ते गार करायला समुद्राचं पाणी लागतं. बोटीच्या बुडाला सी-कॉक, म्हणजे पाणी आत घ्यायचा कॉक, तिथून गाळणी, तिथून रबरी पात्यांचा इंपेलर (फिरणारं चक्र) असलेला पंप, मग इंजिनात जाणारी हवा गार करणारा कूलर, गिअर ऑइलचा कूलर, कूलंट गार करणारा हीट एक्स्चेंजर, आणि शेवटी तेच पाणी एक्झॉस्टमध्ये फवारलं जातं. ते पाणी असतं म्हणूनच एक्झॉस्टचा पाइप रबराचा चालतो. समुद्राचं पाणी कमी पडलं की आधी हा रबरी पाइप भाजतो, डॅशबोर्डवरचा काटा नंतर हलतो. जमिनीवर काम केलेले मेकॅनिक इथेच फसतात. ते काट्यावर विसंबतात.

बोट ५२ फुटी, सहा-सहा सिलिंडरची दोन इंजिनं. मालकांचा चाकणला कारखाना, राहायला बाणेरला. बोट ते स्वतः चालवतात, पगारी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, ठेवत नाहीत, सोबत फक्त एक खलाशी. निघण्याआधी तेल, कूलंट, बेल्ट, गाळणी, बिल्ज (बोटीचा तळ, जिथे पाणी साचतं) सगळं स्वतः वाकून बघतात. दर फेरीच्या नोंदी एक्सेलमध्ये. असा मालक मिळायला नशीब लागतं, पण त्यांचं एक दुखणं आहे, ते पुढे येईलच.

डिसेंबरात फोन आला. “अहो, उजवीकडचं इंजिन अठराशे आरपीएमच्या वर नेलं की तापतंय. जरा येऊन जाता का?” त्याआधी तिथल्या एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला होता, इंपेलर बदलला होता, हीट एक्स्चेंजर उघडून नळ्या साफ केल्या होत्या. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर दीड हजारापर्यंत रेस करून “ओके” लिहिलं आणि बिल लावलं. काम वाईट नव्हतं. जे बदलण्यासारखं दिसलं ते सगळं त्याने बदललं, मोजलं मात्र काहीच नाही.

पहाटे चारला निघून खोपोली-पेण-वडखळ करत मांडवा गाठलं. आधी एक्सेल उघडायला लावलं. दोन हजार आरपीएमला डावं इंजिन ऑक्टोबरपासून ८२ अंशांवर स्थिर. उजवं ऑक्टोबरात ८३, नोव्हेंबरात ८७, डिसेंबरात ९१. विचारलं, हा तक्ता शेवटचा कधी पाहिला? “भरताना,” म्हणाले.

निदानासाठी मी दोन गोष्टी नेतो: इन्फ्रारेड थर्मामीटर आणि व्हॅक्यूम गेज. हे गेज कुणाच्याच पेटीत दिसत नाही, याचा मला राग येतो. पंप पाणी ओढतो तेव्हा त्याच्या आधीच्या नळीत निर्वात तयार होतो. तो कुठे किती आहे यावरून अडथळ्याची जागा कळते. गाळणीच्या झाकणाला आणि पंपाच्या तोंडाशी मी एकेक टॅपिंग करून गेज बसवले, दोन्ही इंजिनांना.

खांदेरीच्या दिशेने निघालो. डोलीच्या, म्हणजे मासेमारीच्या, जाळ्यांच्या काठ्या चुकवत जायचं असल्यामुळे मालक सुकाणावरून हलू शकत नव्हते. मी कानाला मफ्स लावून इंजिनरूममध्ये. एकोणीसशे आरपीएमला डावीकडे गाळणीशी २ इंच, पंपाशी ४ इंच (निर्वात पाऱ्याच्या इंचांत मोजतात). ठीक. उजवीकडे माझी पैज होती बुडाच्या जाळीवर, जिच्यातून पाणी सी-कॉकमध्ये येतं. पावसाळ्यात बोट बाहेर काढून रंगवली होती आणि रंगारी जाळीच्या फटी रंगाने भरून टाकतात, हे नेहमीचं. तसं असतं तर गाळणीशी निर्वात वाढला असता. निघाला १ इंच, म्हणजे डावीकडच्यापेक्षाही कमी. याचा अर्थ गाळणीपर्यंत पाणी मोकळं येतंय, पण ते ओढलंच कमी जातंय. पंप ढिला असेल तरी असंच दिसतं, म्हणून पंपाच्या तोंडाचा गेज पाहिला: १३ इंच. पंप जीव तोडून ओढत होता. अडथळा होता गाळणी आणि पंप यांच्या मधल्या जेमतेम एका मीटरमध्ये.

एक्झॉस्टच्या पाइपावर थर्मामीटर धरला. डावीकडे ४८, उजवीकडे ८६. असला पाइप नव्वदच्या वर फार काळ टिकत नाही.

मधे होती फक्त एक होज. ती जनरेटरच्या मागून वळून जाते. मी वर ओरडलो, थ्रॉटल खाली आला, टॉर्च घेऊन वाकून बघितलं. होज छान गोल. हात फिरवला, गोल. मग मोबाइल टॉर्चसह जनरेटरच्या फ्रेमला बांधला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बाहेर येऊन पुन्हा दोन हजार मारायला सांगितलं. फिरत्या शाफ्ट-बेल्टच्या इंजिनरूममध्ये माणसाने डोकं घालण्यापेक्षा हे बरं. व्हिडिओत साडेअठराशेला होज वळणाशी दबू लागते, एकोणीसशे पन्नासला पोळीसारखी चपटी. थ्रॉटल खाली येताच दोन सेकंदांत पुन्हा गोल.

मालकांचं दुखणं म्हणालो ते हेच. एकटा माणूस बोट चालवत असला की खाली उतरण्याआधी वेग कमी करणारच, आणि वेग कमी केला की दोष गायब. खलाशाला विचारलं तर तो सहज म्हणाला, “शेठला दिवाळीतच बोललेलो, उजवीकडचं इंजिन कमी थुंकतंय.” एक्झॉस्टमधून पडणारं पाणी, त्याला ते थुंकणं म्हणतात. वाकून डावी-उजवी धार ताडून बघायला फुकटात होतं. शेठ समुद्राकडे बघत राहिले.

आता होज. गेल्या पावसाळ्यात त्या जागी तारेची सक्शन होज, म्हणजे ओढीने दबू नये म्हणून आत तार असलेली, यायची होती. ती आली नव्हती आणि बोट उधाणाच्या भरतीला उतरवायची तारीख ठरलेली. ती चुकली तर पुढच्या उधाणापर्यंत थांबायचं, वर यार्डाचं भाडं. मी नाना पेठेतून ६३ मिलिमीटरची ट्रकची रेडिएटर होज आणून दोन्ही इंजिनांना पाठवली. रेडिएटर होज आतून बाहेर येणारा दाब सोसते, ओढ सोसत नाही. ट्रकच्या खालच्या होजमध्ये म्हणूनच तारेची स्प्रिंग असते. ही गोष्ट मी भोसरीत पोरांना दर वर्षी शिकवतो. डावीकडची होज आखूड आणि सरळ, ती निभावली. उजवीकडचीला वळण, आणि वर जनरेटरचा डिझेल फिल्टर. फिल्टर बदलताना डिझेल ठिबकायचं ते तिच्यावर. हे रबर ईपीडीएम, पाण्याला आणि उन्हाला पक्कं, डिझेलला कच्चं. फुगतं, मऊ पडतं. ८३, ८७, ९१ हा चढ तिथून आला होता.

दुसऱ्या दिवशी खरी होज बसवली. सी-कॉक बंद, गाळणी रिकामी. होजचं टोक गरम पाण्यात धरून मऊ करायचं, भांडी घासायचा साबण लावायचा, ग्रीस कधीच नाही. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, स्क्रू विरुद्ध बाजूंना. क्लिपा ३१६ स्टीलच्या, स्क्रूसकट. स्क्रूला लोहचुंबक चिकटला तर ती परत करायची. दहा तास चालवून पुन्हा आवळायच्या. ही काळजी अशासाठी की पाण्याखाली दोन फुटांवर एवढ्या व्यासाचं भोक मोकळं झालं तर मिनिटाला साडेतीनशे लिटरच्या वर पाणी आत येतं, आणि तासाला दोन हजार गॅलनचा बिल्ज पंप कागदावरसुद्धा मिनिटाला सव्वाशेच लिटर फेकतो. इंपेलर काढून पाहिला, दोन पाती मुळाशी तडकलेली, बदलला. एक्झॉस्टच्या पाइपाचं आतलं अस्तर सुटलेलं, तोही बदलला आणि त्यावर ७५ अंशांना वाजणारा अलार्म लावला. मालक तो आधी नको म्हणत होते, डॅशवर आणखी एक दिवा कशाला. या वेळी काही बोलले नाहीत. मग दोन हजार दोनशेला चाळीस मिनिटं: ८३ अंश, एक्झॉस्ट ४९, पंपाशी ४ इंच.

ती खरी होज आली कुठून? ऑगस्टमध्येच आली होती. माझ्याच रॅकवर, प्लास्टिकमध्ये. जुन्या होजवर माझ्या अक्षरात चिकटपट्टी निघाली: “तात्पुरती”.

धक्क्यावर मालकांना सगळं सांगितलं. चिडले नाहीत. चाकणचा माणूस, म्हणाले, “फाइव्ह व्हाय लिहून पाठवा.” पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारण शोधायचा, व्हेंडरकडून घेतात तसा फॉर्म. पहिले चार रकाने लगेच भरले: पाणी कमी, होज दबली, तारेविना होज डिझेलने मऊ झाली, उधाणाची तारीख गाठायची होती. पाचवा, खरी होज आल्यावर का बदलली नाही? आधी लिहिलं, बोट पाण्यात होती. खोडलं. सी-कॉक बंद करून अर्ध्या तासाचं काम आहे. मग लिहिलं, मालकांकडून आठवण आली नाही. तेही खोडलं. मंगळवारी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, फॉर्म अजून मिळाला नाही म्हणून.